मधल्या पाच वर्षांत गाडी कोण सुरू करत होतं?

मंडळी, आज दुपारी आमच्याकडं टीव्हीवर सुपरहिरोचा सिनेमा लागलता. अर्धं जग एका क्षणात गायब होतं. मग पडद्यावर नुसतं लिहून येतं, 'पाच वर्षांनंतर'. शेवटी गेलेले सगळे परत, मिठ्या, टाळ्या!

शेजारची आक्का माझ्यासोबत बघत बसलेली. तिचे मालक चार वर्षांपूर्वी गाडी घरीच ठेवून बाहेर पडले, ते अजून आलेले नाहीत. हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. मी घाईनं रिमोट शोधू लागलो.

"असू दे रं," आक्का म्हणाली. "पर मधल्या पाच वर्षांत ह्या गायब झालेल्यांच्या गाड्या कोण सुरू करत होतं?"

आक्का दर रविवारी मालकांची मोटारसायकल अंगणात दहा मिनिटं सुरू ठेवते. ते येतील तेव्हा बंद पडलेली नको. तिला स्वतःला चालवता येत नाही. असली माणसं ह्या सिनेमावाल्यांना दिसतच नाहीत का हो?

संध्याकाळी आक्का किल्ली घेऊनच दारात आली. "मला गाडी शिकव. उद्यमबागच्या कारखान्यात कामाला हिच्यावरनंच जाईन म्हणते."

न राहवून मी विचारलं, "आणि मालक आले तर?"

"मागं बसतील की!"