डावखुऱ्या गोगलगायींची तीन कोरी वर्षं

...आणि मग त्या प्राध्यापकांनी मेलेल्या गोगलगायी ताटलीतून एकेक करून मोजल्या, इथपर्यंत काल आलो होतो. तुम्ही हसलात. आधी मीही हसलो होतो. पण गोष्ट खरी आमच्या सूनबाईची आहे आणि तिच्यात थोडा हात माझाही आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

सूनबाई विद्यापीठात नोकरीला. प्राध्यापकांना संशोधन करायचं असतं, पण त्याला अनुदान कुठून मिळेल हे त्यांना ठाऊक नसतं. ते सूनबाई शोधून देते. कुठली संस्था कशासाठी पैसे देते, शेवटची तारीख कधी, अर्ज किती पानांचा, सगळं हिला तोंडपाठ. मी म्हणायचो, "सूनबाई, तू म्हणजे स्थळं जुळवणारी." ती म्हणायची, "बाबा, स्थळं जुळवणाऱ्याला निदान जेवायला तरी बोलावतात."

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. पण विद्यापीठातला एकही अर्ज माझ्याशिवाय पुढे जात नसे, हे तिथं कुणालाच माहीत नाही. सकाळी मी दाढीला बसलो की सूनबाई अर्जाचा पहिला परिच्छेद वाचून दाखवायची आणि विचारायची, "सांगा बघू बाबा, काय म्हणायचंय याला?" मला सांगता आलं तर अर्ज पास. नाही आलं तर तो बिचारा पुन्हा लिहायला बसे. एका नावाजलेल्या शास्त्रज्ञाला मी तीनदा नापास केलंय. अजून रस्त्यात भेटला की मला अदबीनं नमस्कार करतो, कारण परीक्षक कोण ते त्याला कुणी सांगितलेलं नाही!

तर गोगलगायसर. त्यांना सगळे तसंच म्हणत, अगदी तोंडावर. त्यांच्या विभागामागे एक जुनी ओलसर दगडी भिंत आहे. अकरा वर्षं, दरवर्षी त्याच आठवड्यात, हा माणूस गुडघे टेकून त्या भिंतीवरच्या गोगलगायी मोजत आलेला. किती जणींचा शंख उजवीकडे वळलेला, किती जणींचा डावीकडे. डावखुऱ्या फार थोड्या असतात म्हणे. त्या वाढतात की संपत चालल्यात, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

त्यांचा अर्ज मला पहिल्या झटक्यात कळला. तोंडाला फेस तसाच ठेवून मी म्हणालो, "कळलं गं, पण उपयोग काय? आमच्या मळ्यात कोबीचा फडशा पाडायच्या या. मारायचं औषध शोधा म्हणावं, लगेच देतील पैसे!"

मी गंमत केली होती. सूनबाई वाचता वाचता थांबली. "बाबा, त्याच्यासाठी खरंच एक योजना आहे. मोठी आहे."

तिनं अर्ज त्या औषधाच्या योजनेकडे फिरवला. सर समोर बसून म्हणाले, "मॅडम, पण मला त्या मारायच्या नाहीत हो." ही म्हणाली, "सर, एकदा अनुदान येऊ द्या. भिंतीचं काम बाजूनं चालूच ठेवा की." अनुदान आलं. तिच्या वरच्या साहेबांनी हिचा सत्कार केला, फलकावर फोटो लावला. मी गल्लीभर सांगत सुटलो.

पुढची तीन वर्षं त्या भल्या माणसानं औषधं कालवली आणि ताटल्या मोजल्या. भिंतीचा आठवडा आला की नेमकी शेतावरची चाचणी असे. एकदाही मोजणी झाली नाही. औषध मात्र लागू पडलं आणि संस्था आणखी तीन वर्षं वाढवून द्यायला निघाली.

सही घ्यायला सूनबाई त्यांच्या खोलीत गेली. टेबलावर वही उघडी होती. अकरा रकाने भरलेले, पुढचे तीन कोरे. वर वर्ष लिहिलेलं, पट्टीनं रेघा मारलेल्या, खाली काही नाही.

"दरवर्षी आखून ठेवतो," सर म्हणाले, "वाटतं, या वेळी जमेल." आणि चूक त्यांचीच असल्यासारखी त्यांनी वही घाईघाईनं मिटली.

सही न घेताच ती परत आली. त्या दिवशी धड जेवली नाही. मी खोदून विचारलं तेव्हा बोलली. तीन वर्षांपूर्वी, अर्ज फिरवला त्याच आठवड्यात, तिच्याकडे आणखी एक पत्र आलं होतं. वर्षानुवर्षं एकच गोष्ट मोजत बसणाऱ्या लोकांना मदत करणारा एक छोटा न्यास, अर्ज दोन पानी. सरांच्या मापानं शिवल्यासारखा.

"मग दाखवलं का नाहीस?"

"फार छोटं होतं, बाबा. साहेबांना अहवालात मोठं काही हवं होतं. मी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं."

"अगं, पण औषधाचं मीच बोललो ना?"

"तुम्ही गंमत केलीत. मी काम केलं."

मी ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

यंदा त्या न्यासाचं पत्र पुन्हा आलं. पण मोठं अनुदान घेणाऱ्याला ते मिळत नाही, दोन्हींतलं एकच. शनिवारी तिनं दोन्ही कागद सरांपुढे ठेवले आणि ड्रॉवरची गोष्ट सांगून टाकली. सरांनी चष्मा काढला. "म्हणजे हे तेव्हाही होतं?" ही म्हणाली, "हो."

"रागावले का गं?" मी विचारलं.

"रागावले असते तर बरं झालं असतं. चहा घेणार का म्हणाले."

सरांनी छोटा अर्ज घेतला. मोठं घालवलं म्हणून साहेब आता जिन्यात हिला पाहिलं की छताकडे बघत जातात.

पण त्या दोन पानांत एक प्रश्न निघाला: मोजणीत खंड पडला असल्यास कारण द्या. कारण पटलं नाही तर अर्ज बाद. तसं झालं तर सरांच्या हाती मोठंही नाही आणि भिंतही नाही. खाली शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याची, म्हणजे सूनबाईची, सही.

आज सकाळी मी दाढीला बसलो होतो. कागद घेऊन ती आली. म्हटलं, "अपरिहार्य कारणास्तव असं लिहून टाक. सगळं जग तेच लिहितं. सरांनी मनात काही ठेवलेलं नाही, मग तू कशाला स्वतःला गुंतवतेस? साहेबानं वाचलं तर नोकरीवर बेतेल."

तिनं खुर्ची ओढली, नेहमीसारखी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "सर मनात ठेवत नाहीत, म्हणूनच कागदावर ठेवायला हवं, बाबा. ऐका. 'ही तीन वर्षं मोजणी झाली नाही, कारण योग्य योजनेचं पत्र हातात असूनही मी ते सरांना दाखवलं नाही.' सांगा बघू, काय म्हणायचंय मला?"