चौथ्या लेनमधली तृप्ती

राजपुऱ्यातले वसंत महाजन सर अठ्ठावीस वर्षं पीटी शिकवत होते. शाळांच्या स्पर्धांमध्ये शर्यत सोडायची बंदूक त्यांच्याच हातात असायची. लोक त्यांच्या नजरेला मानायचे.

मागच्या दिवाळीत मुलगी प्राजक्ता इंदूरहून आली. तिने टीव्हीवर कुठल्याशा जुन्या ऑलिम्पिकचा माहितीपट लावला. त्यात पदकांपेक्षा माणसंच जास्त होती. कोणी बूट काढून पायाचे फोड बघत होतं, कोणी रिकाम्या होत चाललेल्या मैदानात शेवटून पहिलं पोचत होतं. मग शंभर मीटर. कॅमेरा रेषेवर टेकलेल्या बोटांवर थांबला. एक जण आधी हलला, त्याला बघून शेजारचाही उठला.

"थांबव ते," सर म्हणाले.

"काय झालं, पप्पा?"

"तृप्तीचं असंच झालं होतं."

अकरा वर्षांपूर्वी संभागीय, म्हणजे विभागाच्या, स्पर्धेत चौथ्या लेनमधल्या तृप्तीला त्यांनी फाउल देऊन बाहेर काढलं होतं. आधी हलली होती तिसऱ्या लेनची मुलगी, तिच्यामुळे तृप्ती उठली होती. सरांना ते लगेच कळलं, पण लाल कार्ड वर गेलं होतं आणि भरल्या मैदानात ते मागे घ्यायची हिंमत झाली नाही. तृप्ती पुन्हा कधी स्पर्धेत उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी सर सकाळच्या गाडीने चांदनी गावी तृप्तीच्या घरी गेले. ती तिथल्याच एका शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी गावातल्या पोरींकडून पळायचा सराव करून घ्यायची, हे त्यांनी ऐकलं होतं. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. सरांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "चूक माझी होती. मला तेव्हाच दिसली होती."

तृप्तीने हातातला तांब्या खाली ठेवला.

"मला वाटायचं तुम्हाला दिसलंच नसेल," ती म्हणाली. "म्हणून माफ केलं होतं. आता परत गुस्सा येतोय, सर."

"येऊ दे."

सर निघाले तेव्हा तिने फाटकाशी हाक मारली. "माझ्या पोरींचा स्टार्ट एकदम कच्चा आहे. रविवारी याल?"

तेव्हापासून दर रविवारी सर चांदनीला जातात. बंदूक नाही, दोन फळ्या एकमेकींवर आपटतात. जानेवारीत त्या पोरींमधली भूमिका नावाची मुलगी राज्य स्पर्धेसाठी निवडली गेली. भोपाळच्या गाडीत तिच्या समोरच्या बाकावर बसून, तिने डावा पाय पुढे ठेवायचा की उजवा, यावरून सर आणि तृप्ती इटारसीपर्यंत भांडत होते. भूमिका खिडकीला डोकं टेकून शांत झोपली होती.