मनकर्णाबाईची टेंभुर्णी

माझी सासू मनकर्णा दुपारची या जगात नसतेच. रुआबांध्याच्या प्लांट कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमागं टेंभुर्णीखाली खाट टाकते, डोळे मिटते अन् गोंदियाकडच्या जंगलात निघून जाते. "माय पुढं चालून राहिली, पदरात टेंभरं हायेत," असं मलेच सांगते, डोळे न उघडता. मी भांडी घासत हो हो करते. काय करणार, कामं का तिची माय येऊन करणार हाय?

टेंभुर्णी म्हणजे तेंदू, ज्याच्या पानाच्या बिड्या होतात; त्याचं गोड फळ म्हणजे टेंभर. माझ्या नवऱ्याच्या बारशाले माहेरून बी आणून तिनं लावली. रोप दर उन्हाळ्यात वरून वाळे. सासरे भैयालाल म्हणत, "मेलं, फेक." ही म्हणे, "मेलं नाही, झोपलं हाय."

मागच्या साली पहिल्यांदा फुलं आली. फळ वर्षभरानं पिकते, अन् यंदा सासरे स्टील प्लांटमधून रिटायर झाले. जूनमध्ये क्वार्टर सोडायचं, अन् या झाडाचं मूळ एवढं खोल की नेता येत नाही. "जायच्या आधी याचं एक टेंभर तोंडात पडावं, बस," ती म्हणे. मे लागला तरी फांद्या रिकाम्याच. रोज सकाळी ती मान वर करून पाहे. मले तर ते पाहवेना. असा राग आला त्या निकम्म्या झाडाचा!

शेवटी मी गपचूप लोकलनं चरोद्याले गेली. तिथं खेड्यातल्या बाया टोपल्या घेऊन बसतात. भर उन्हात हिंडून पिवळीधम्मक टेंभरं आणली अन् पहाटे झाडाखाली टाकून दिली.

ती आंघोळ करून आली अन् थबकली. वाकून एकेक टेंभर उचललं, पदराले पुसलं. एक फोडून तोंडात टाकलं अन् तिथंच मातीत बसून डोळे मिटले. कितीतरी वेळ ती इथं नव्हतीच. मग उठली अन् गल्लीभर वाटत फिरली, झाडाले हसणाऱ्या शेजारच्या बेबीताईच्या तर नाकावर टिच्चून. मले लय बरं वाटलं. म्हटलं, म्हातारीले चांगलं गंडवलं.

क्वार्टर सोडायच्या दिवशी मी खिडकीजवळ सामान बांधून राहिली होती. बाहेर नवीन राहायले आलेली नीतू, आपल्याच भंडाऱ्याकडची, झाड पाहत होती.

"हे नर हाय, पोरी," सासू तिले सांगत होती. "याले फळ येत नसते. फुलं पाहिली तवाच कळलं होतं, पण मन मानेना. तरी कापू नको. जवळपास कोठं मादी असंल, तिले फळं याच्यामुळंच येतील."

मग आवाज खाली आणून म्हणाली, "अन् माझ्या सुनेले सांगू नको. लय मनानं आणली होती तिनं."