चार दिवस माहेरी

आमच्या मजल्यावरच्या बायकांचे सरकारी अर्ज मी भरत आलेय. लालबागच्या चाळीत आमच्या खोलीबाहेर, गॅलरीत, माझं शिलाईमशीन असतं. साड्यांना फॉल लावणं आणि पिको करणं हा माझा धंदा. बायका साडी घेऊन येतात आणि त्याच पिशवीतून हळूच कागद काढतात. "तुझं अक्षर चांगलं गं," एवढं म्हटलं की मी मशीन थांबवते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार कष्ट पडत नाहीत.

सरकारने बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकायची योजना काढली तेव्हा तर गॅलरीत रांगच लागली. कोण योजनेत बसतं, कोण नाही, याचे नियम मी तोंडपाठ केले होते. वय किती, उत्पन्न किती, घरात कुणी आयकर भरतं का, चारचाकी आहे का. आणि 'घरात' म्हणजे कुणात? तर रेशनकार्डावर ज्यांची नावं आहेत त्यांच्यात. मी मशीनवर बसल्या बसल्या निकाल देत होते. कोपऱ्यावरच्या खोलीतल्या वहिनींना तर मी तोंडावर सांगितलं, "तुमच्या दिराची टॅक्सी आहे आणि दीर तुमच्याच कार्डावर. तुम्ही बाद." त्या दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मला मनातून जरा मजाच वाटली होती. आज लाज वाटते.

माझा अर्ज मी सगळ्यात शेवटी भरला. कार्डाचा नंबर लिहिला तो भांडुपचा.

हे भांडुप म्हणजे माझं सासर. माझं लग्न झालं त्याच्या आठव्या दिवशी आई पेढ्यांचा पुडा घेऊन रेशन ऑफिसात गेली आणि आमच्या कार्डावरून माझं नाव कमी करून आली. मुलीचं लग्न झालं की माहेरच्या कार्डावरून नाव काढायचं आणि सासरच्या कार्डावर लावायचं, आमच्याकडे सगळे असंच करतात. आईला तर त्याचा केवढा आनंद झाला होता. पेढे वाटत वाटत ती जिना चढली. तीन वर्षांनी मी परत आले. नवऱ्याचं बाहेर होतं, आणि ते लपवायचीही त्याला गरज वाटेनाशी झाली होती. एक बॅग आणि हे मशीन घेऊन मी दारात उभी राहिले. आई मला एका शब्दाने बोलली नाही. लगेच चहा टाकला. पण शेजारची काकू डोकावली तेव्हा तिला म्हणाली, "चार दिवस माहेरी आलीय."

त्या चार दिवसांना एकोणीस वर्षं झाली.

सुरुवातीला मी एकदोनदा म्हटलं होतं, कार्डावर माझं नाव परत लावून घेऊया. आई घरात मालवणी बोलते, परक्यांशी मात्र नीट पुस्तकातलं मराठी. ती म्हणाली, "कशाक घाई करतंस गो? लोक इचारतीत." नाव परत लावायचं म्हणजे संसार मोडला हे शिक्क्यानिशी लिहून द्यायचं, तेवढं तिला नको होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही नको होतं. मग आधार काढायची वेळ आली तेव्हा पत्त्याचा पुरावा म्हणून माझ्याकडे सासरच्याच कार्डाची झेरॉक्स होती, तीच दिली. मतदानालासुद्धा मी भांडुपला जाते. एका वर्षी नवरा माझ्या पुढेच रांगेत उभा होता. त्याने मागे वळून "बरं आहे ना?" असं विचारलं, मी "हो" म्हटलं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बायको आणि दोन मुलांसह बारा वर्षं डोंबिवलीला राहतो. त्या चौघांची नावं मात्र लालबागच्या कार्डावर आहेत. खोली आहे, उद्या चाळ पाडली तर हक्क राहायला हवा, म्हणून कुणी ती कमी केली नाहीत. तेव्हा इथे न राहणारी चार माणसं कार्डावर आणि कार्डावर नसलेली मी खोलीत, असा आमचा कारभार होता. इतकी वर्षं कुणाला त्यात काही खटकलं नाही.

योजनेचे पैसे काही महिने आले. पहिल्या पैशांतून मी मशीनला मोटर बसवली. पाय दुखायचे थांबले. मग एका महिन्यात पैसे आले नाहीत. बँकेचा मेसेज चुकला असेल म्हणून मी गप्प राहिले. पुढच्या महिन्यातही आले नाहीत. मग अंगणवाडीच्या बाई फेरतपासणीची यादी घेऊन चाळीत आल्या. त्यांनी माझं नाव मोबाईलवर शोधलं आणि मोबाईल माझ्याकडे वळवला.

"ताई, तुमचं अपात्र दाखवतंय. कुटुंबात चारचाकी आहे."

मला हसू आलं. "माझ्याकडे सायकल नाही हो."

"कार्डावर मिस्टरांचं नाव आहे ना? त्यांच्या नावावर गाडी आहे."

हसू तिथेच विरलं. 'माझ्या कुटुंबाकडे चारचाकी नाही' असं हमीपत्र मी स्वतःच्या हाताने लिहून, खाली सही करून दिलं होतं. खोटी माहिती देणाऱ्यांकडून पैसे परत घेणार, अशी कुजबुज गॅलरीत सुरू झालीच होती. जिन्यात अनोळखी पावलं वाजली तरी मी मशीन थांबवून कान द्यायचे.

आणि त्याच आठवड्यात खाली नोटीस लागली. चाळीच्या पुनर्विकासासाठी खोल्यांचा सर्व्हे होणार होता. कमिटीचे एक काका प्रत्येक दारात जाऊन सांगत होते, "रेशनकार्ड काढून ठेवा. कार्डावर जो, तो खोलीत." आमच्या दारात ते आले तेव्हा मी दोरा ओवत होते. सुईच्या भोकातून तो दोरा काही जाईना. पैसे बंद झाले ते एकवेळ सोडून देता आलं असतं. पण आई सत्त्याहत्तरची आहे. तिच्यानंतर या खोलीत मी कोण, याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी परळला रेशन ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आधी भांडुपच्या कार्डावरून नाव कमी करून दाखला आणा, मग आईच्या कार्डावर लावू. "पण लगेच लावून घ्या हं. मध्येच लटकू नका."

एकोणीस वर्षांनी मी नवऱ्याला आपणहून फोन केला. तो भांडेल, अटी घालेल, अशी तयारी करून बसले होते. तो म्हणाला, "अगं, मी तुला तेच सांगणार होतो." त्याच्याकडे राहते तिचं नाव माझ्यामुळे कार्डावर लागत नव्हतं. इतकी वर्षं तीही माझ्यासारखीच बिनकागदाची होती आणि मी तिला शिव्या देत होते. आठवड्याभरात दाखला तयार झाला. भांडुपच्या ऑफिसबाहेर नवरा तो घेऊन उभा होता, गाडीला टेकून. जिच्यामुळे मी अपात्र ठरले ती गाडी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पांढरी होती, आरशाला लिंबू-मिरची लटकत होती.

"सोडू का लालबागला?" त्याने विचारलं.

मी नको म्हटलं. दाखला पर्समध्ये ठेवला, चार पावलं गेले आणि मला धडकी भरली. आता मी कुठल्याच कार्डावर नव्हते. भांडुपला माझं नाव होतं हे मला इतकी वर्षं सलत होतं, पण ते कुठेतरी होतं तरी.

आईच्या कार्डावर नाव लावायचा अर्ज मी त्याच दुपारी भरला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ अक्षरातला अर्ज. कुटुंबप्रमुखाची सही एवढंच राहिलं होतं, आणि कुटुंबप्रमुख म्हणजे आई. मी तिच्यापुढे कागद ठेवला, पेनचं टोपण काढून दिलं.

आईने कागद उलटा-सुलटा पाहिला. "दादाक इचारतंय," ती म्हणाली.

"दादाला कशाला? तुझं कार्ड, तुझी सही."

"असां कसां? तेचां पण नाव असा ना."

ती उठली आणि तिने अर्ज देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे सरकवला. विजेची बिलं जिथे ठेवते तिथे. मला असा राग आला की मी गॅलरीत जाऊन तीन साड्यांचा पिको एका दमात केला. रात्री तिच्या पायांना तेल लावताना मी पुन्हा विषय काढला नाही. उद्या काढू म्हटलं. दादाचा फोन रविवारी यायचा. त्या रविवारी तो आला, आई आत जाऊन बोलली, बराच वेळ "हां, हां" करत राहिली. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं की भाजी काय करायची. पुढच्या रविवारीही तेच. अर्ज तसबिरीमागेच होता. झाडताना मी रोज बघत होते. त्यावर हळदीचं एक बोट उमटलं होतं, सही नव्हती.

सर्व्हेवाला बुधवारी सकाळी आला. गळ्यात ओळखपत्र, हातात छापील फॉर्मांचा गठ्ठा. आईने पदर सारखा केला, त्याला खुर्ची दिली. मी मशीन बंद करून दारात उभी राहिले.

"आजी, खोलीत राहणारे किती?"

आईने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मी. माझा मुलगा. सून. दोन नातवंडं."

"सगळे इथेच राहतात?"

"हो, इथेच. कामाला गेलेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि या?"

आईने क्षणभरही विचार केला नाही. तिच्या नीट मराठीत ती म्हणाली, "ही माझी मुलगी. चार दिवस माहेरी आलीय."

"आई, मी इथे राहते," मी म्हणाले. माझा आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत गेला असणार, कारण पलीकडे कुकर घासण्याचा आवाज थांबला. "एकोणीस वर्षं राहते."

सर्व्हेवाला गोंधळला. "कार्डावर नाव आहे का, ताई?"

"नाही."

"दुसरं काही? आधार?"

"भांडुपचं."

"मग आत्ता नाही घेता येणार. नंतर हरकत नोंदवा." त्याने घड्याळ पाहिलं. त्याला अजून सगळा मजला करायचा होता.

मी आईकडे बघत होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने कार्ड उघडून त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "हिचं अक्षर चांगलं आहे. हिच्याकडूनच भरून घ्या."

त्याला बरंच वाटलं. त्याने फॉर्म माझ्या हातात दिला. मी नाही म्हणू शकले असते. फाडून टाकू शकले असते. "भर गो, माणूस खोळंबलोहा," आई हळू आवाजात म्हणाली, आणि सवयीने माझा हात चालू लागला. खोलीधारकाचं नाव. मुलाचं नाव. सुनेचं. नातवंडांचं. एकूण सदस्य पाच. आईने खाली सही केली, दोन आठवडे तसबिरीमागे अडलेली तीच सही, एका झटक्यात.

"एक साक्षीदार लागतो," सर्व्हेवाला म्हणाला. "ताई, तुम्हीच करा."

मी सही केली. सहीखाली पत्त्याची ओळ होती. मी पेन धरून थांबले तेव्हा त्याला वाटलं मला कळलं नाही.

"आधारवर आहे तो लिहा," त्याने सांगितलं.

मी भांडुप लिहिलं.