हेझलच्या दिव्याखालची पेनी

८ मार्च १९९४. एका नळीचे बिल, एकशे त्र्याऐंशी पौंड पंचेचाळीस पेन्स. मी ते टाईप केले तेव्हा नळी तयार होती आणि ती लंडनच्या इस्पितळात नेणारा डेरेक खिडकीपाशी किल्ल्या वाजवत उभा होता.

नळी रोरी नावाच्या तान्ह्या मुलाची. त्याची श्वासनलिका खालच्या बाजूला मऊ होती. श्वास घेताना ती मिटायची. गळ्याला भोक पाडून बसवलेली बाजारातली नळी त्या मऊ भागाच्या अलीकडेच संपत होती. पोर सारखे निळे पडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी नळी घालायची होती.

अशा मुलांच्या नळ्या आमच्या छोट्या कारखान्यात हेझल पिलचर बनवायची. पूर्वी ती बेकरीत लग्नाच्या केकवर साखरेची फुले काढायची. इथे ती नळी तापवून साच्यावर वाकवायची, कापायची आणि टोक नायलॉनच्या जुन्या मोज्यावरून फिरवायची. धागा अडकला की पुन्हा घासायची.

डॉक्टर एक्स-रेवरून नळी गिरवून फॅक्सने पाठवत. फॅक्समध्ये चित्र कधी आखडते, म्हणून कोपऱ्यात एक पेनी, म्हणजे सगळ्यात लहान किमतीचे नाणे, ठेवून तिच्याभोवती रेघ मारत. हेझल त्या वर्तुळावर आपली पेनी ठेवी. बरोबर बसली तरच पट्टी हातात घेई. त्या दिवशी तिची पेनी सापडेना. वर्तुळ ठीक दिसतेय म्हणत तिने नळी कापली.

"हेझल, तुझी फुलं काढून झाली असतील तर दे बाई," डेरेक म्हणाला. "इंजिन थंड पडलं."

"तुझं तोंड कधी थंड पडायचं?" हेझलने नळीची डबी त्याच्या हातात ठेवली.

मी डेरेकच्या पेट्रोलसाठी किरकोळ खर्चाच्या पेटीतले सुटे पैसे मोजत होतो. बिलाला जोडायचे चित्र समोरच होते. एक पेनी नेमकी वर्तुळावर पडली आणि वर्तुळ तिच्याखाली दिसेनासे झाले.

हेझलने चष्मा लावला. तिचा चेहरा उतरला. "डबी परत दे, डेरेक. चित्र आखडलंय, नळी आखूड आहे."

"किती आखूड?"

"काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढी."

"एवढंच ना?"

"तेवढीच जागा मिटते त्याची. बस खाली."

तेवढ्यात फोन वाजला. वॉर्डची सिस्टर विचारत होती, नळी निघाली का? मी हेझलकडे पाहिले.

"खरं सांग. माझी चूक झाली म्हणावं."

मी सांगितले. सिस्टर म्हणाली, "डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, मूळ कागद त्यांच्याकडेच. तुम्हीच काय ते बघा. पोरगा पुन्हा निळा पडलाय."

हेझलने पहिली नळी कात्रीने चिरून टाकली. नाण्याचे आणि वर्तुळाचे माप तिने घेतले, चित्र किती आखडले त्याचा भागाकार मी केला, तिने तो पुन्हा तपासला. नवी नळी वाकली, कापली गेली. मोज्यावर धागा अडकला.

"चालेल की गं," डेरेक उठत म्हणाला.

"तुझ्या गळ्यात घालू?"

तो बसला. ती घासत राहिली. दुसऱ्यांदा मोजा सरळ सरकला. डेरेक डबी घेऊन पळाला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन आला. "बसली! गुलाबी झालाय. संतापून रडतोय. गळ्यात नळी, म्हणून आवाज नाही, पण तोंड बघायला हवं होतं तुम्ही."

हेझलने ऐकून घेतले आणि मोजा धुवायला नेला. डेरेकच्या सुट्या पैशांतली ती पेनी तिने आदल्या दिवशीच चिकटपट्टीने आपल्या दिव्याखाली लावली होती.

किरकोळ खर्चाच्या पेटीला हेझल पिलचरकडून एक पेनी येणे आहे.