‘नाही’ ऐकून घेणाऱ्या सालोमीबाई

सालोमीबाई गेल्याचं दानिएलनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नागपुरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसले होते. “रुथ, बाई गेली. पहाटे, झोपेतच,” तो म्हणाला. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, “काल कोणाला काही विचारलं का रे त्यांनी?” दानिएल माझ्याबरोबर त्यांच्या हाताखाली वाढलेला, त्यामुळे त्याला हे विचित्र वाटलं नाही. “विचारलं ना. नवीन नर्सले म्हणे, तुह्या गावात मोहाची झाडं उरली हाय काय?” म्हणजे बाई शेवटपर्यंत बाईच राहिल्या. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून मी एकच विचार करते आहे, की दुसऱ्यांची उत्तरं ऐकायची इतकी हौस या बाईला आली कुठून...

गोंडपिपरीच्या पुढे, जंगल सुरू होतं तिथे आमचा मिशनचा लहानसा दवाखाना होता. माझे बाबा तिथे ड्रायव्हर आणि सालोमीबाई मोठ्या नर्स. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ख्रिस्ती मंडळी जेमतेम वीस घरांची, पाळक महिन्यातून एकदा चंद्रपूरहून यायचे. त्यामुळे दृढीकरणाचा वर्ग बाईंच्या गळ्यात पडला होता. तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या वतीनं आईबाप वचन देतात. पंधरा वर्षं झाली की तेच वचन आपण स्वतः, सगळ्यांसमोर उभं राहून द्यायचं, मग बिशप डोक्यावर हात ठेवतात आणि पुढच्या रविवारपासून प्रभुभोजनाला, म्हणजे देवाच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, जाता येतं. बिशप आमच्याकडे तीन वर्षांतून एकदा येत, त्यामुळे ती संधी हुकली की हुकली. बाई हा वर्ग शनिवारी दुपारी दवाखान्याच्या पडवीत घ्यायच्या, आणि तोही कामाला जुंपून. आम्ही गॉज कापायचं, कापसाचे बोळे वळायचे आणि ते करता करता त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. “हात रिकामे असले का माणूस पाठ केलेलं बोलते,” असं त्यांचं म्हणणं. आमची उत्तरं पुरेनाशी झाली की त्या जाणाऱ्या-येणाऱ्याला गाठायच्या. एकदा कंपाउंडर मेश्रामभाऊंना थांबवून विचारलं, “भाऊ, तुमच्या बुद्धविहारात लेकराईले काय सांगता जी तुम्ही?” भाऊ बाटलीला लेबल लावता लावता म्हणाले, “कोणी सांगते म्हणून मानू नका, तपासून पाहा, असं सांगतो बाई.” बाई खूश झाल्या. “ऐकलं काय रे पोट्टेहो? मग तपासा!”

मी तपासायला लागले आणि अडकले. त्याच्या आदल्या वर्षी माझा धाकटा भाऊ शमुवेल, आमचा शमू, मेंदूच्या मलेरियानं गेला होता. बारा वर्षांचा होता. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. रात्रंदिवस त्याच्या उशाशी सालोमीबाई होत्या. सगळी मंडळी गुडघ्यावर प्रार्थना करत होती, मीही करत होते. बिशप यायच्या आधीच्या शनिवारी बाकीचे गेल्यावर मी म्हटलं, “बाई, देव ऐकते असं मले नाई वाटत. उद्या हो म्हटलं तर ते खोटं होईन.” मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. “शमूसाठी?” मी मान हलवली. त्यांनी माझ्या पुढ्यातले बोळे डब्यात भरले. मग म्हणाल्या, “तो प्रश्न माह्याजवळ बी हाय. उद्या नको बसू. तुह्या मायले मी सांगतो.”

आईला सांगणं सोपं नव्हतं. पांढरा फ्रॉक शिवून आला होता, मूल गावाहून मामा सहकुटुंब आले होते, कोंबडं कापून झालं होतं. आई बाईंवर कडाडली, “भावाचं दुःख तिले एकटीलेच हाय काय? मले नाई? एक लेकरू गेलं, आता हे दुसरं बी देवाच्या मेजावर नाई बसणार?” बाईंनी आईचा हात धरला. “बसन. पण स्वतःच्या पायानं येऊ दे तिले.” आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. पुढचे कित्येक दिवस बोलली नाही, आणि ते मला शमूच्या जाण्याइतकंच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी देवळात वेगळीच फजिती. बाईंना पत्ता नव्हता, पण आम्ही पोरांनी धर्मशिक्षणाच्या पुस्तकातली प्रश्नोत्तरी आपसांत वाटून घेतली होती. प्रश्न बसलेल्या क्रमानं येतात, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या नंबराचं उत्तर तेवढं घोकलेलं. मी दुसरी होते. मी बसले नाही म्हटल्यावर मागची सगळी रांग एकेक घर पुढे सरकली. प्रार्थना कशाला म्हणतात, असं बिशपनी विचारलं आणि दानिएलनं खणखणीत आवाजात चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये असं सुरू केलं. त्याच्या नंतरच्या मुलीनं तर आज्ञांच्या प्रश्नाला सगळे प्रेषितच मोजून दाखवले. बिशप चष्मा काढून पुसायला लागले. सालोमीबाईंना तिथल्या तिथे उलगडा झाला, त्या उठून म्हणाल्या, “चूक माही हाय साहेब. यायले उत्तरं येतात, पण मधातून एक पोरगी खरं बोलली म्हणून रांग बिघडली.” बिशपनी वर पाहिलं, मी मागच्या बाकावर तोंड लपवून बसले होते. मग त्यांनी प्रश्नोत्तरी मिटवली आणि प्रत्येकाला साधंच काहीबाही विचारून हात ठेवले.

पुढची तीन वर्षं मी दर शनिवारी पडवीत जात राहिले. ‘उत्तर मिळालं का’ असं बाईंनी एकदाही विचारलं नाही. त्या शमूबद्दल विचारायच्या. तो चिंचेवर कुठून चढायचा, त्याला कशाचं हसू यायचं, झोपेत काय बोलायचा. आमच्या घरात त्याचं नाव निघायचं बंद झालं होतं, ते फक्त त्या पडवीत निघायचं. एकदा मीच उलटून विचारलं, “बाई, तुम्ही काऊन मानता?” त्या बोळा वळायच्या थांबल्या. “मले रोज सकाळी उठून ठरवा लागते. काही दिवशी ठरवता ठरवता दुपार होते.” इतकी वर्षं मी समजत होते की विश्वास ही मोठ्यांना मिळून गेलेली वस्तू आहे आणि मलाच ती सापडत नाही. रोज ठरवायचं असेल तर मलाही जमण्यासारखं होतं. अठराव्या वर्षी बिशप पुन्हा आले तेव्हा मी उभी राहिले आणि हो म्हटलं. आई पहिल्या बाकावर रडत होती. माझा प्रश्न सुटलेला नव्हता, आजही नाही.

गेल्या आठवड्यात बाईंची खोली आवरायला दानिएल आणि मी गेलो. भिंतीवर प्रत्येक दृढीकरणाच्या वेळचा फोटो ओळीनं टांगलेला. मी अठराव्या वर्षी उभी राहिले तेव्हाचा काढून पुसायला घेतला. फोटोत आम्ही पाच जण. मागच्या पुठ्ठ्यावर बाईंच्या तिरक्या अक्षरात नावं मात्र सहा. माझ्या नावाशेजारी त्याच शाईत लिहिलं होतं, ‘शमुवेल, वय सोळा.’

मी तिथेच खाटेवर बसले आणि पोटभर रडले. मग फोटो पुन्हा नीट पाहिला. माझ्या डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे. फोटो काढताना “थोडी सरक” असं बाईंनीच सांगितलं होतं. मी तेव्हा “काऊन?” विचारलं, तर त्यांनी खांदा धरून मला हातभर उजवीकडे सरकवलं होतं.