भिंतीवरचे एकसष्ट प्रयोग

मिस्त्री कानावर खडू ठेवायचे. वही पुढे केली की म्हणायचे, "कागद कशाला आवं? भिंत हाय की."

सांगलीजवळच्या आमच्या फाउंड्रीत पाण्याच्या पंपाचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग ओततात. मी तिथे हिशेब बघतो. तुमच्याही ओळखीत मिस्त्रींसारखा एखादा असेल : शिक्षण चौथी, पण भागावर हातोडीची टिचकी मारून आवाजावरून आतली पोकळी सांगणारा. पंपाचा पंखा हलका करायचे प्रयोग दोन वर्षं त्यांनीच केले. वाळू किती ओली, बीड किती तापलं, पंखा कुठे तडकला, सगळं भट्टीमागच्या काजळलेल्या भिंतीवर. फसलेला पंखा त्याच दिवशी वितळवायला भट्टीत. "फसल्यालं डोळ्यापुढं ठिवायचं न्हाई."

या प्रयोगांच्या खर्चावर आम्ही संशोधनाची करसवलत मागितली. अर्जात 'प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या आहेत' हे वाक्य मी लिहिलं. खोटं नव्हतं. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी कर खात्याची नोटीस आली : नोंदी सादर करा. फोटो काढायला भट्टीमागे गेलो, तर भिंत पांढरीफेक.

"खंडेनवमीला चुना मारला की," मिस्त्री म्हणाले. "दरवर्षी एवढी भिंत सोडत हुतो. औंदा प्रयोग संपलं, म्हटलं पूजेला बरी दिसंल."

सवलत जाऊन वर दंड बसला तर तीस माणसांचा कारखाना टिकणार नव्हता, आणि ते वाक्य माझं होतं. मालक हळूच म्हणाले, "नवी वही आणा, जुन्या तारखा टाका." तीन दिवस मी टाळलं. शेवटी वही आणली, पण तारीख त्या दिवसाचीच घातली आणि वर लिहिलं : मूळ नोंदी चुन्याखाली गेल्या, हे मिस्त्रींच्या आठवणीतून.

डोळे मिटून त्यांनी एकसष्ट प्रयोग सांगितले. मध्येच थांबले.

"सायब, ह्यात मला आत टाकत्यात का वो?"

"तुम्हाला नाही."

"मग तुमाला?"

मी लिहीत राहिलो.

"लय घाबरलाय गड्या तुमी," ते म्हणाले. मग वही ओढून घेतली आणि शेवटच्या पानावर सही केली.

वही पाठवली. दिवाळीनंतर मिस्त्रींना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. भेटायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"एकुणचाळिसावा चुकीचा सांगितला वो. त्यो पंखा बिडामुळं न्हाई फसला. वाळू माज्याच हातनं लय ओली झालती. तुमच्यापुढं लाज वाटली."

"मी दुरुस्त करतो, तुम्ही पडा."

तिसऱ्या दिवशी ते गेले.

एकोणचाळिसाव्याची दुरुस्ती मी लेखी पाठवली आहे. निकाल अजून आलेला नाही. ईमेल आल्याचा आवाज झाला की हातातलं काम टाकून बघतो. उरलेल्या साठांतही असं काही असेल, तर विचारायला आता कुणी नाही.